आयुक्तांना गुण कोण देणार?

महापालिकेचा कारभार कसा चालला आहे, असे कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या माणसाला विचारा. तो सभागृह, ठराव, अंदाजपत्रक यांबद्दल बोलणार नाही. कचऱ्याच्या टिपरपासून सुरुवात करेल. टिपर रोज येतो की दिवसाआड, नळाला पाणी आले तर त्याला दाब होता का, ड्रेनेज तुंबल्याची तक्रार दिल्यावर माणूस कधी उगवला, रस्ता खोदून गेलेले पॅचवर्क करायला परत आले का, पावसात परीख पुलाखालून गाडी निघाली का. एवढे सांगून झाले की तो एका माणसाकडे वळतो. ‘हे साहेब बरे आहेत,’ किंवा ‘आधीचे साहेब बरे होते.’

कोल्हापुरात साहेब म्हणजे आयुक्त. गेल्या दीड दशकात विजयालक्ष्मी बिदरी, पी. शिवशंकर, डॉ. अभिजित चौधरी, डॉ. मल्लिनाथ कलशेट्टी, डॉ. कादंबरी बलकवडे, के. मंजूलक्ष्मी असे अधिकारी या खुर्चीवर येत गेले. प्रत्येकाबद्दल शहराने मत बनवले, कट्ट्यावर, दुकानाच्या फळीवर, तालमीच्या दारात ते बोलून दाखवले आणि बदलीचा आदेश आला की ते मतही त्या अधिकाऱ्याबरोबर शहराबाहेर गेले. पुढच्या साहेबांसाठी पाटी कोरीच राहिली.

या लेखाचे म्हणणे असे: आयुक्ताबद्दल नागरिकाचे मत असणे पुरेसे नाही. ते मत व्यक्तीवरून कामावर आले पाहिजे आणि त्याला कायद्यातली वाट सापडली पाहिजे. नाहीतर पाच लाखांहून मोठ्या शहराचे मत असूनही ते कोणाला बांधून ठेवत नाही.

पेठेतून दिसणारी महापालिका

शाहूपुरी ही ठरवून वसवलेली पेठ. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. गादीवर आल्यानंतर लगेचच, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी इथे बाजारपेठ उभी केली. स्टेशन जवळ, त्यामुळे कोल्हापुरी गूळ इथून देशभर जाऊ लागला. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, पण पेठ ओसरली नाही. मध्यवर्ती बसस्थानक, व्हीनस कॉर्नर, गवत मंडई, लॉज, खाणावळी, घाऊक दुकाने आणि त्यांच्यामधून राहती घरे, असा आजचा शाहूपुरीचा पसारा आहे.

म्हणूनच महापालिकेला पाहायला ही जागा चांगली. इथे तीन प्रकारची माणसे तीन बाजूंनी कारभार पाहतात. राहणाऱ्याला पाणी आणि गटार दिसते. दुकानदाराला पार्किंग, फेरीवाले, परवाना आणि घरफाळा दिसतो. एसटीतून उतरून अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाला स्वच्छतागृह आणि रस्ता दिसतो. तिघांचेही मत खरे, पण तिघांचे मिळून एक मत होत नाही. आयुक्ताला गुण देताना पहिली अडचण इथेच येते: कोणाच्या नजरेतून द्यायचे?

दुसरी अडचण अधिक गुंतागुंतीची. गल्लीच्या तोंडाशी जे दिसते ते सगळे महापालिकेचे नसते. विजेचा खांब महावितरणचा, बसस्थानक एसटीचे, रुळांखालचा परीख पूल म्हटला की रेल्वेचा संबंध आला, चौकातला वाहतूक हवालदार पोलीस खात्याचा, धरणातून पाणी किती सोडायचे हे ठरवणार पाटबंधारे खाते. नागरिक मात्र सगळा हिशेब महापालिकेच्या दारात मांडतो. त्यात त्याची चूक नाही, कारण त्याला जवळचे दार तेवढेच दिसते. पण आयुक्तावर मत देताना हा गुंता सोडवला नाही, तर जे काम त्याच्या हातात नाही त्यासाठी शिव्या बसतात आणि जे हातात होते तेही त्याच गर्दीत सुटून जाते.

ही खुर्ची आली कुठून

लोकांनी न निवडलेल्या एका अधिकाऱ्याच्या हाती शहराचा कारभार द्यायचा, ही कल्पना मुंबईत रुजली. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड तिथले म्युनिसिपल कमिशनर झाले. धडाडीचा माणूस. रस्ते, गटारे, मंडई यांची कामे त्यांनी हाती घेतली. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जात होती. पण पैसा पाण्यासारखा गेला आणि १८७१ मध्ये करदाते खवळले. एका माणसाच्या हाती एवढा अधिकार नकोच, अशी हाकाटी झाली.

त्या गदारोळात २६ वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. त्यांचे म्हणणे असे होते की काम करणारा हात एकच असावा, कारण दहा जणांवर सोपवलेल्या कामाची जबाबदारी कोणीच घेत नाही. दोष आहे तो त्या हाताला जाब विचारणारे लोकांनी निवडलेले नाहीत यात. १८७२ च्या कायद्याने मुंबईच्या करदात्यांना प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळाला, १८८८ च्या कायद्याने ती चौकट पक्की झाली. त्याच धर्तीवर १९४९ चा प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. आज तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो आणि कोल्हापूरचा कारभार त्याच्यावर चालतो.

अमेरिकेत याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन या लहान शहराने १९०८ मध्ये पगारी व्यवस्थापक नेमला. १९१३ च्या मार्चमध्ये ओहायोतले डेटन शहर महापुरात बुडाले आणि सावरताना तिथल्या लोकांनी हीच पद्धत स्वीकारली. तिकडचा सिटी मॅनेजर आणि आपला आयुक्त यांच्यात एक मूलभूत फरक आहे. तिथे निवडून आलेली परिषद व्यवस्थापकाला नेमते आणि तीच काढते. आपल्याकडे आयुक्ताला राज्य सरकार पाठवते आणि परत बोलावतेही राज्य सरकारच. नागरिकाची नाराजी तिथे परिषदेच्या मतदानातून थेट व्यवस्थापकापर्यंत पोहोचते. आपल्याकडे तिला मुंबईला, मंत्रालयात जाऊन यावे लागते.

तरीही आपल्या कायद्याने नगरसेवकांना एक हत्यार दिले आहे. एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी ठराव केला, तर सरकारने आयुक्ताला परत बोलवावे अशी तरतूद आहे. कोल्हापुरात ८१ नगरसेवक. म्हणजे ५१ हात वर व्हावे लागतील. शिवाय मोठ्या कंत्राटाला स्थायी समितीची मंजुरी लागते, आयुक्ताने मांडलेले अंदाजपत्रक आधी स्थायी समिती आणि मग महासभा तपासते. मेहतांची कल्पना हीच होती: एक हात काम करेल, दुसरा त्याचे मनगट धरेल.

पाच वर्षे दोन्ही हात एकाचेच

नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूरच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते की नगरपालिकेची मुदत पाच वर्षांची आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक व्हायला हवी. आधी कोरोना आडवा आला. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न आला: मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी चाचणीची अट घातली, त्यासाठी बांठिया आयोग बसला, प्रभागरचनेचे कायदे बदलले, खटले लांबले. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीची अधिसूचना चार आठवड्यांत काढण्याचा आदेश दिला आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले. मधली पाच वर्षे, म्हणजे नगरसेवकांची एक आख्खी मुदत, सभागृह रिकामे होते.

शहराला हा अनुभव अगदीच नवा नव्हता. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हाही सुरुवातीची वर्षे प्रशासकाचीच होती. पहिली निवडणूक १९७८ मध्ये झाली. पहिले प्रशासक द्वारकानाथ कपूर यांचे नाव जुनी मंडळी अजून आदराने घेतात. म्हणजे प्रशासक आला की कारभार बिघडतोच, असे कोल्हापूरचा इतिहास सांगत नाही.

मग या पाच वर्षांबद्दल लोकांचे काय मत? दोन्ही बाजूंचे बोलणे नीट ऐकले पाहिजे. एक बाजू म्हणते, नगरसेवक नव्हते ते बरे झाले. स्थायी समितीतली ओढाताण नव्हती, टक्केवारीची चर्चा नव्हती, निर्णय झटपट झाले. या बोलण्यामागे अनुभव आहे. आधीच्या सभागृहात अडीच वर्षांचे महापौरपद वाटून घेण्याची पद्धत होती, कित्येकांच्या वाट्याला काही महिनेच आले, आणि शहराने ते पाहिले आहे.

दुसरी बाजू म्हणते, आमची गल्ली पोरकी झाली. रात्री ड्रेनेज फुटले की नगरसेवकाला फोन लावता येत होता. तो रागावला तरी मुकादमाला उठवत होता, कारण पुन्हा त्याच दारात मत मागायला यायचे होते. प्रशासकाच्या काळात माजी नगरसेवक कामे करत राहिले, पण त्यांच्या शब्दाला कायद्याचे बळ नव्हते. सर्वांत मोठा फरक महापालिकेच्या आत झाला. अंदाजपत्रक मांडणाऱ्याची सही आणि ते मंजूर करणाऱ्याची सही एकच झाली. अधिकारी कितीही सचोटीचा असो, स्वतःच्या प्रस्तावाला स्वतःच प्रश्न विचारणे ही कोणाकडूनही न होणारी गोष्ट आहे. त्याच्या सचोटीवर शंका घेण्याची इथे गरज नाही. उणीव व्यवस्थेची होती.

याच काळात शहरात मोठ्या गोष्टी घडल्या. काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाईपलाईनचे पाणी वर्षानुवर्षे वाट पाहून २०२३ च्या दिवाळीत शहरात पोहोचले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांच्या काळात उभी राहिलेली वास्तू डोळ्यांदेखत जळताना पाहून शहर रडले. महापालिकेच्या ताब्यातल्या या वास्तूच्या अग्निसुरक्षेबद्दल लोकांनी तीव्र प्रश्न विचारले. सभागृह असते, तर दुसऱ्याच आठवड्यात महासभेत त्यावर खडाजंगी झाली असती, बोललेला शब्द न् शब्द इतिवृत्तात गेला असता. ते झाले नाही. लोकांचे मत होते, प्रखर होते, पण ते नोंदवून घेणारे अधिकृत ठिकाणच बंद होते.

कुंभार गल्लीचा हिशेब

आयुक्ताच्या कामाचा न्याय नेमका कसा करावा, हे शिकायचे तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत जावे. पंचगंगा इथून दूर आहे, पण जयंती नाला जवळून जातो. नदी चढली की नाल्याचे पाणी नदीत उतरू शकत नाही, ते मागे फुगते आणि गल्लीत शिरते. हे होते जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमके गणेशमूर्तींच्या हंगामात. मूर्ती साच्यातून निघालेल्या असतात, काहींना पहिला हात बसलेला असतो, डोळ्यांची आखणी बाकी असते. घरातल्या प्रत्येकाचे लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असते. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. ३९ च्या अलीकडेच मूर्ती फळ्यांवर चढू लागतात. पुढे टेम्पो शोधायचा, लहान मूर्ती आधी की मोठ्या हे ठरवायचे, ओली मूर्ती उचलताना कान-हात दुखावणार नाहीत असे धरायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५० फुटांच्या पुढे गेले. वर्षाची कमाई अशा दोन-तीन दिवसांत ठरते.

आता या घरातल्या माणसाने आयुक्ताला गुण द्यायचे तर कशावर? नदी चढली यावर नव्हे. पाऊस, राधानगरीचे दरवाजे, नदीपात्रातले अडथळे यांतले काही महापालिकेच्या हाती नाही. पण पुढच्या प्रश्नांची उत्तरे मात्र महापालिकेकडेच आहेत. पावसाळ्यापूर्वी नाल्यातला गाळ काढला का, आणि काढून काठावरच टाकून तर दिला नाही ना? पाणी येण्यापूर्वी किती तास आधी गल्लीत सूचना आली? मूर्ती हलवायला उंचावरची जागा ठरवून ठेवली होती का? पाणी ओसरल्यावर चिखल उचलणे आणि औषधफवारणी किती दिवसांत झाली? आणि सर्वांत अवघड प्रश्न: पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी कोणी, कधी आणि कशाच्या आधारे दिली?

पहिले चार प्रश्न आयुक्ताच्या तत्परतेचे आहेत. पाचवा त्याच्या धैर्याचा आहे, आणि त्यात आधीच्या अनेक वर्षांचा वाटा आहे. अशी वाटणी केली की राग कमी होत नाही, उलट तो नेमक्या जागी लागतो. ‘महापालिका झोपली होती’ या वाक्याला कोणीही अधिकारी उत्तर देऊ शकतो. ‘नाल्याचा गाळ अमुक तारखेपर्यंत निघाला नव्हता’ या वाक्याला उत्तर देणे जड जाते.

बिलाच्या कागदावर

दुकानदाराचे मत बऱ्याचदा घरफाळ्याच्या बिलावर ठरते. तेव्हा ते बिल एकदा ओळीओळीने वाचावे. सर्वसाधारण करासोबत त्यात वृक्ष कर, अग्निशमन कर असे वेगळे रकाने असतात. शिक्षण कर असतो आणि बिगर-निवासी मिळकतीला रोजगार हमी कर. हे शेवटचे दोन कर राज्य सरकारचे आहेत. महापालिका ते फक्त गोळा करून पुढे पाठवते. म्हणजे दुकानदार भरतो तो प्रत्येक रुपया त्याच्या गल्लीसाठी नसतो, आणि त्या हिशेबाने आयुक्ताला जाब विचारणे न्याय्य नाही.

दुसरी बाजू उत्पन्नाची. एकेकाळी जकात नाक्यावर येणारा पैसा थेट शहराच्या तिजोरीत पडत असे. जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या अनुदानावर विसंबून आहे. तिजोरी ज्याच्या हातात, त्याच्याकडे अधिकाऱ्याचे लक्ष असते, हा साधा नियम आहे. पैसा गल्लीतून येत होता तोवर गल्लीचे मत मोलाचे होते. तो मंत्रालयातून येऊ लागल्यावर गल्लीचे वजन घटले.

त्यात कोल्हापूरची म्हणून एक जुनी गाठ आहे, हद्दवाढीची. महापालिका झाली तेव्हापासून शहर ६६.८२ चौरस किलोमीटरमध्येच अडकून आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ५,४९,२३६ होती, आणि हद्दीला लागून असलेल्या गावांतली वस्ती रोज याच रस्त्यांवर, याच बसस्थानकावर, याच दवाखान्यांत येते. त्यांच्या ये-जाचा भार शाहूपुरी सोसते, पण त्यांचा घरफाळा महापालिकेकडे येत नाही. गावांना शेती आणि ग्रामपंचायत जाण्याची भीती वाटते, तीही समजून घेण्यासारखी आहे. हा प्रश्न कोणताही आयुक्त एकटा सोडवू शकणार नाही. पण जे सोडवता येत नाही ते लोकांना स्पष्ट सांगणे, हे मात्र त्याचे काम आहे.

टाळ्या आणि ठराव

लोकप्रिय आयुक्त म्हणजे चांगला आयुक्त का? महाराष्ट्राने हा प्रश्न नवी मुंबईत जवळून पाहिला. २०१६ च्या मे महिन्यात तुकाराम मुंढे तिथे आयुक्त झाले. अतिक्रमणांवर हातोडा, कामचुकारांवर कारवाई आणि सकाळी ‘वॉक विथ कमिशनर’, म्हणजे फिरायला येणाऱ्या नागरिकांशी थेट बोलणे. त्यांना लोकांच्या टाळ्या मिळाल्या. नगरसेवक मात्र चिडले आणि २५ ऑक्टोबर २०१६ रोजी अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. नागरिक त्यांच्या समर्थनार्थ रस्त्यावर उतरले, सरकारने त्यांना लगेच हलवले नाही, आणि मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली.

यातून एकच धडा निघत नाही. लोकांना अधिकाऱ्याची शिस्त हवी असते, हे खरे. निवडून आलेल्यांना डावलून चाललेला कारभार टिकत नाही, हेही खरे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकांच्या टाळ्यांना कायद्यात स्थान नव्हते, ठरावाला होते, आणि दोन्हींच्या वर मंत्रालय होते.

कोल्हापुरातही मल्लिनाथ कलशेट्टी यांनी २०१९ मध्ये दर रविवारी स्वच्छता मोहीम सुरू केली. आयुक्त स्वतः हातात झाडू घेऊन नाल्याकाठी उतरले, संस्था आल्या, तालमींची पोरे आली. शहराला ते मनापासून आवडले आणि त्या आवडीत काही खोटे नव्हते. पण अशा मोहिमेवर मत देताना एक प्रश्न विचारायचा राहतो: साहेब गेल्यावर सोमवारी त्या नाल्याची जबाबदारी कोणाची?

या कसोटीवर सुरत हे चांगले उदाहरण आहे. १९९४ च्या प्लेगनंतर, १९९५ मध्ये एस. आर. राव तिथे आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर काढले, शहराचे विभाग पाडून विभागप्रमुखांना खर्चाचे आणि निर्णयाचे अधिकार दिले. ते दोन वर्षांत गेले. रोजच्या पाहणीची पद्धत राहिली. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसोबत देशात पहिली आली, राव गेल्यानंतर पंचवीस वर्षांहून अधिक काळाने. आयुक्ताचे खरे प्रगतिपुस्तक त्याच्या बदलीनंतर वाचायचे असते.

मत मोजायचे कसे

लोकांचे मत मोजता येते, आणि ते मोजल्याने कारभार हलतो, हे बंगळूरूने दाखवून दिले. सॅम्युअल पॉल यांनी १९९४ मध्ये तिथे नागरिकांचे ‘रिपोर्ट कार्ड’ काढले. महापालिका, पाणीपुरवठा, वीज, टेलिफोन अशा प्रत्येक संस्थेबद्दल लोकांना साधे प्रश्न विचारले: तक्रार सुटायला किती फेऱ्या माराव्या लागल्या, कर्मचारी कसे वागले, चिरीमिरी द्यावी लागली का. निकाल लाज वाटावी असा होता आणि तो वर्तमानपत्रांत छापून आला. १९९९ आणि २००३ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली, तोवर बऱ्याच सेवांबद्दलचे समाधान लक्षणीय वाढले होते. त्या कामाची ताकद दोन गोष्टींत होती. लोकांना साहेब कसे आहेत असे विचारले नाही, तुमचे काम कसे झाले असे विचारले. आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले.

केंद्र सरकारच्या २०२० च्या ‘ईज ऑफ लिव्हिंग’ निर्देशांकात १११ शहरे होती आणि नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन होते. त्यात स्मार्ट सिटी योजनेतली आणि दहा लाखांवरची शहरे घेतली होती. कोल्हापूर दोन्हींत बसत नाही. म्हणून कोल्हापूरकरांचे मत मोजायला दिल्लीहून कोणी येईल, याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

हे काम शाहूपुरीतली मंडळे, व्यापारी संघटना आणि महिला बचत गट मिळून करू शकतात. पाच प्रश्न पुरे आहेत. आठवड्यात किती दिवस टिपर आला? पाणी ठरलेल्या वेळी, पुरेशा दाबाने आले का? तक्रार दिल्यापासून ती मिटेपर्यंत किती दिवस गेले? खोदलेला रस्ता किती दिवसांत पूर्ववत झाला? दाखला किंवा परवाना ठरलेल्या मुदतीत मिळाला का? दर तिमाहीला त्याच घरांना तेच प्रश्न. वर्षभरात असा कागद तयार होतो की जो आयुक्तालाही उपयोगी पडतो, कारण खालच्या यंत्रणेकडून येणारी माहिती तपासायला त्याच्याकडेही दुसरे साधन नसते.

मताला कायद्याची वाट

कागद तयार झाल्यावर तो नेण्यासाठी दारे आहेत आणि ती वापरली पाहिजेत. महापालिकेत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे तोंडी गाऱ्हाणे मांडून परतू नये, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर दिलेल्या तक्रारीला क्रमांक मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क केला आहे. मुदत उलटली तर अपील आहे आणि कारण नसताना विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एखाद्या रस्त्याच्या कामाचा आदेश, मोजमाप आणि दोषदायित्वाचा कालावधी माहिती अधिकारात मागता येतो. ठेकेदाराने किती वर्षे रस्ता सांभाळायचा आहे हे एकदा कळले, की खड्ड्यावरचे भांडण निम्मे जिंकलेले असते.

सर्वांत कमी वापरलेले दार क्षेत्रसभेचे. २००९ च्या दुरुस्तीने महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभा आली. गावाला ग्रामसभा तशी शहरातल्या वस्तीला ही सभा. मतदारांनी एकत्र बसून गल्लीतल्या कामांचा अग्रक्रम ठरवायचा आणि झालेल्या कामांचा हिशेब घ्यायचा. तिचे अध्यक्षपद नगरसेवकाकडे असते, त्यामुळे प्रशासकाच्या काळात ती मागूनही मिळाली नसती. आता नगरसेवक आहेत. ८१ जण २० प्रभागांतून आले आहेत, बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघांपैकी माझा कोण, असा प्रश्न पडून जबाबदारी पातळ होण्याचा धोका आहे, म्हणून तर क्षेत्रसभेची गरज अधिक. चौघांनाही एकाच सभेत बोलावता येते.

लोकांनी ठरवले तर काय होते, हे कोल्हापूरला कोणी शिकवायला नको. रस्तेबांधणीच्या बदल्यात शहराच्या वेशीवर टोल बसवला, तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसे पुढे उभी राहिली, पेठापेठांतून लोक निघाले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारला टोल रद्द करावा लागला. पण ते आंदोलन करार होऊन, रस्ते होऊन, नाके बसल्यावर पेटले. करार होत होता तेव्हाच त्याचा कागद मागणारे शेकडो नागरिक असते, तर शहराची कित्येक वर्षांची दगदग वाचली असती. मोर्चा काढण्याचे धैर्य आपल्याकडे भरपूर आहे. इतिवृत्त, अंदाजपत्रक आणि कामाचा आदेश चिकाटीने वाचण्याची सवय आता लावून घ्यायची आहे.

आयुक्त पुढेही बदलत राहतील. कोणी कडक असेल, कोणी मनमिळाऊ, कोणी थोडे दिवस राहून निघून जाईल. त्यांची नेमणूक शाहूपुरीच्या हातात नाही. पण नव्या आयुक्ताने पदभार घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याच्या टेबलावर आधीच्या चार तिमाहींचे आकडे, प्रलंबित तक्रारींची यादी आणि क्षेत्रसभेचा ठराव ठेवणे शाहूपुरीच्या हातात आहे. मग त्या अधिकाऱ्याला आपण किती काळ राहू हे माहीत नसले, तरी आपल्याला कशावर जोखले जाणार आहे हे पहिल्या दिवसापासून माहीत असेल. आणि तो गेल्यावर गुण त्याच्याबरोबर जाणार नाहीत. ते पेठेच्या दप्तरात राहतील, पुढच्या साहेबांना दाखवायला.